एकटीपुरता तंबू

वैजू,

गेल्या आठवड्यात ते लोक येऊन तुझं ऑक्सिजनचं मशीन घेऊन गेले. भाड्याचंच होतं, कधीतरी जाणारच होतं. पण ते गेलं आणि घरात अशी शांतता झाली की आपला पंखा खुळखुळतोय हे मला तेव्हा कुठे कळलं. तू श्वास घेतलास की ते फुस्स करायचं, थांबलीस की थांबायचं. तुझ्या मागोमाग कुणीतरी हळू आवाजात हुंकार देतंय असं वाटायचं. आता दुपारी जरा आडवा झालो की माझाच श्वास ऐकत पडून राहतो. तो काही इतका ऐकण्यासारखा नाही.

लोक भेटायला येतात. खालच्या मजल्यावरच्या भाभी तर रोजच येऊन बसतात. ‘कितना चलती थी, और देखो, साँस ने ही धोखा दिया,’ असं म्हणतात आणि डोळे पुसतात. मी मान हलवतो. तुझ्या आजाराबद्दल बोलायचा मला कंटाळा आलाय. मला तुझ्या चालण्याबद्दल बोलावंसं वाटतं, आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतोय.

आपली जुई लग्न होऊन पुण्याला गेली त्या वर्षी सुरू झालं हे सगळं. तू शाळेच्या ऑफिसात दिवसभर पोरांचे दाखले टाइप करायचीस आणि घरी येऊन गप्प बसायचीस. एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच म्हणालीस, ‘मी जरा चालून येते.’ मला वाटलं, भाजीला गेलीस. दुपारी जेवायच्या वेळेला आलीस ती घामाने निथळत, पायाला चिखल, ओढणीला कुसळं.

‘कुठे होतीस?’

‘घोडबंदरला. किल्ल्यावर बसले होते. खाडीत भरतीचं पाणी चढताना कधी बघितलंयस? आवाज न करता येतं रे. आपण बघतोय तोवर कुठेच नसतं, आणि मग सगळीकडे असतं.’

‘पण कोणाबरोबर गेलेलीस?’

‘कोणाबरोबर नाही.’

हे शब्द तू असे म्हणालीस, जसं तोंडात काहीतरी विरघळतंय आणि गिळायची घाई नाहीये.

त्यानंतर तू थांबली नाहीस. उत्तन, चौक, पाली, सगळा किनारा पायाखालून गेला. मग घाटावरची पठारं. मग एक रात्र मुक्काम, दोन रात्री मुक्काम. चारचौघांत मला ‘अहो’ म्हणणारी आणि घरात ‘अनंता’ म्हणून हाक मारणारी माझी बायको कुठल्यातरी डोंगराच्या सोंडेवर एकटी झोपून यायला लागली. पहिल्यांदा तू आपल्याच गाळ्यातली शाळेची बॅग घेऊन गेली होतीस. मी भाईंदर पूर्वेला वीस-पंचवीस वर्षं दप्तरं शिवतोय, पण दप्तर पाठीवर घेऊन कुणी दिवसभर चालेल असा विचार कधी केला नव्हता. तू परत आलीस तेव्हा दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले होते. तू खोबरेल तेल चोळत बसलीस. माझ्या शिलाईचे वळ होते ते.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या ऑर्डरमधलं उरलेलं पॅराशूटचं कापड काढलं.

तेव्हापासूनचे ते दिवस मला आता सारखे दिसतात. कामगार जेवायला गेले की तू शाळेतून सरळ गाळ्यावर यायचीस. पंख्याच्या वाऱ्यावर ते पातळ कापड टेबलावरून उठायचं, तू दोन्ही हातांनी दाबून धरायचीस, आणि मी कात्री चालवायचो. ‘हा कप्पा कशाला?’ ‘लागेल.’ ‘नाही लागणार. काढ.’ ‘ही दुसरी चेन?’ ‘काढ.’ तुझं ‘काढ’ ऐकून ऐकून मी रडकुंडीला यायचो. बक्कल काढून दोरी लावलीस. दोरीची लांबी कमी केलीस. घरून एकच वाटी न्यायचीस, तीच ताट, तीच कप, तीच पातेलं. मेतकूट, नाचणीचं पीठ, थोडा सुका जवळा, चुरमुरे. कपड्यांना आतून लावलेली लेबलंसुद्धा तू ब्लेडने उसवून टाकायचीस. मी हसलो तर म्हणालीस, ‘चढावर सगळं जाणवतं, अनंता. खिशातली आधीच्या दिवसाची तिकिटंसुद्धा जाणवतात.’

आपली भांडणं मात्र जड असायची.

पहिलं पॉवर बँकवरून. मी चांगला दणकट आणला होता, आठवडाभर फोन चालेल असा. तू तो हातात तोलून बघितलास आणि टेबलावर ठेवून दिलास. ‘ही वीट आहे. मी घर बांधायला नाही चाललेय.’

‘फोन बंद पडला तर?’

‘पडू दे.’

‘आणि मी इथे काय करू?’

 मग आपण मधला रस्ता काढला. घडीचं छोटं सोलर पॅनेल आणलं, मी बॅगच्या झाकणावर चार रिंगा ठोकून दिल्या, म्हणजे चालता चालता ते पाठीवर ऊन खाईल. वीट नको तर नको, साबणाच्या वडीएवढी बॅटरी चालेल, असं ठरलं. आणि सकाळी एकदा, उन्हं कलताना एकदा, तू फोन चालू करायचा. तुझा एकच शब्द यायचा. ‘आहे.’ मी लिहायचो, ‘बरं.’ लग्नाच्या इतक्या वर्षांत आपण एवढं थोडक्यात आणि एवढं पुरेसं कधी बोललो नव्हतो.

एकदा तू एक फोटो पाठवलास. कातळावर ते पॅनेल पसरलेलं, आणि त्याच्यावर एक सरडा पोट टेकून डोळे मिटून पडलेला. खाली लिहिलं होतंस, ‘फोन चार्ज होत नाहीये. याचं चालू आहे.’ तो फोटो मी गाळ्यातल्या प्रत्येकाला दाखवला. ऑर्डर द्यायला आलेल्या शेठलाही दाखवला.

दुसरं भांडण मोठं होतं आणि ते संपलं नाही. मी म्हटलं होतं, मी पण येतो. गुडघे दुखतात, पण हळूहळू येईन. तू नाही म्हणालीस. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी म्हणतेस. म्हणून पुन्हा विचारलं. तू सरळ सांगितलंस, ‘नको. मला एकटीलाच जायचंय.’

‘का पण? आमचा एवढा वैताग येतो?’

‘तसं नाही.’

‘मग कसं?’

 भांडी घासायला उठलीस, आणि ओट्यापाशी तुझी पाठ बराच वेळ माझ्याकडे होती. पुढे कित्येकदा मी हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारला. कधी चिडून, कधी चेष्टेत. तू दर वेळी ओट्याकडे वळायचीस. आणि दर वेळी मी गाळ्यावर जाऊन तुझ्यासाठी आणखी काहीतरी हलकं शिवायचो. राग होता की काय होतं कोण जाणे.

तंबू त्याच रागात सुरू झाला असावा. तू म्हणालीस, एकीपुरता हवा, एक इंचसुद्धा जास्त नको. मी म्हटलं, मग ये, माप दे. तू गाळ्याच्या जमिनीवर पसरलेल्या कापडावर आडवी झालीस, हात अंगाशी धरून, आणि मी खडू घेऊन तुझ्याभोवती फिरत रेघ मारली. डोक्यापासून खांदा, कोपर, टाच. खडू बोटाला लागला की तुला गुदगुल्या व्हायच्या. कामगार आत यायचे थांबले होते, दाराशी उभे राहून हसत होते. तू डोळे मिटून म्हणालीस, ‘अरे, वरून पाऊस पडतोय असं वाटतंय.’ पाऊस नव्हता, बाजूच्या गाळ्यात स्टीलच्या पत्र्यावर काम चालू होतं. पण तू म्हटल्यावर मलाही तसंच ऐकू आलं.

तो तंबू तुझ्या चालायच्या काठीवर उभा राहायचा. बॅगेत गेला की पाव किलो भाजीएवढा वाटायचा. तू त्याच्यात कुठे कुठे झोपलीस ते मला सगळं माहीत नाही. आता विचारायलाही कुणी नाही.

मग जिने चढताना तू मधेच थांबायला लागलीस. आधी म्हणालीस, धूळ आहे. मग म्हणालीस, वय झालं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चाललीयेत, आणि ती परत मऊ होत नाहीत. बाहेर येऊन तू रिक्षात बसलीस आणि म्हणालीस, ‘आता हवा पण पाठीवर घेऊन फिरायची.’ हसलीस. मी नाही हसू शकलो. त्याच संध्याकाळी मी त्या फिरत्या मशीनसाठी पिशवी शिवायला घेतली. त्याला बाजूंनी जाळी लावली, कारण त्या मशीनलाही वारा लागतो, नाहीतर ते तापतं. पट्टे रुंद केले. आत फोम घातला. या वेळी तू ‘काढ’ म्हणाली नाहीस.

डिसेंबरात तू ते मागितलंस. मी तुझ्या पायांना तेल लावत होतो.

‘अनंता, मला एकदा तंबूत झोपायचंय.’

‘कुठे?’

‘पालीला. फिलूबायच्या इथे.’ मग जरा दम घेऊन, ‘एकटीला.’

जुईला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच. ‘बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? आई श्वास कशावर घेणार, समुद्रावर?’ तिचं चुकीचं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, दिवसाउजेडी, थोडा वेळ, बॅटऱ्या जास्तीच्या ठेवा. मी दोन बॅटऱ्या भरून घेतल्या. टॅक्सीत चार्ज करायची वायर घेतली, गाडीत सिगरेट पेटवायचं भोक असतं ना, त्यात बसते ती. तू खुर्चीत बसून मला बॅग भरताना बघत होतीस. मी एकेक वस्तू घालत होतो आणि तू मान डोलावत होतीस. एवढं सामान तू आयुष्यात कधी नेलं नसशील.

फिलूबाय तुला बघून दारातूनच बोलायला लागली. तू पहिल्यांदा त्या बाजूला चालत गेलीस तेव्हा तिच्याच दारात पाणी मागितलं होतंस, आणि तिने तुला झापलं होतं, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस. त्या दिवशीही तिने सुरुवात तिथूनच केली. ‘एकलीच फिरतं गो, एकलीच फिरतं, आता बग काय करून घेतलं.’ मग तुझ्या नाकातली नळी बघून ती पुढे आली. तिने तुझा हात धरला. ‘ये बाय. वारा चांगला हाय आज.’

रविवार होता. बोटी किनाऱ्यालाच होत्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपलीकडे थोडी मोकळी वाळू होती, तिथे मी तंबू उभा केला. तुला आत सरकवलं, मशीन उशाशी ठेवलं, नळी नीट केली. तू आतून म्हणालीस, ‘आता लांब जा.’

‘किती लांब?’

‘दिसणार नाहीस एवढा.’

मी बोंबलांच्या मागे जाऊन बसलो. तिथून मला तू दिसत नव्हतीस, तंबूचं फक्त टोक दिसत होतं. ऊन पिवळं होत चाललं होतं. समुद्र पार मागे गेला होता आणि ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं, इतकं स्वच्छ, की दोन बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या त्या ढगांतून चालल्यासारख्या दिसत होत्या. तंबूचं कापड वाऱ्याने आत जायचं, बाहेर यायचं. मला वाटलं, ते कापडच तुझ्यासाठी श्वास घेतंय. किती वेळ गेला कळलं नाही. मला डुलकी लागली असावी, कारण मी तुला चालताना बघितलं. पाठीवर काही नव्हतं. तू त्या दोन बायकांच्या पुढे होतीस आणि मागे वळून बघत नव्हतीस, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

मशीनच्या शिट्टीने मी जागा झालो. बॅटरी संपत आल्याची ती शिट्टी. मी धावत आलो, दुसरी बॅटरी बसवली. दिवा लागला नाही. काढली, पुसली, पुन्हा बसवली. नाही. घरी मी दोनदा तपासली होती ती. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझे ओठ निळसर व्हायला लागले होते, पण तुझा चेहरा, वैजू, तुझा चेहरा अगदी शांत होता. 

टॅक्सीवाल्याला फोन लावला. ‘साहब, भाईंदर में फँसा हूँ, आधा घंटा तो लगेगा.’ फिलूबायला हाक मारली. ती म्हणाली, ‘लाइट न्हाय रे, दुपारपासून गेलीय.’ मी ते सोलर पॅनेल काढून वाळूवर मांडायला लागलो. मावळतीच्या उन्हात. त्याने त्या मशीनचा एक दिवासुद्धा लागला नसता, मला माहीत होतं, तरी मी त्याच्या घड्या उलगडत होतो.

फिलूबायचा नवरा पास्कल आला. त्याने एकदा माझ्या हातातली वायर बघितली. ‘ही गाडीची हाय ना? बोटीत लागंल. मोबाइलसाठी भोक ठेवलंय आमी.’

मग आम्ही दोघांनी तुला फिलूबायकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मशीन तुझ्या मांडीवर. फिलूबाय पुढे पळत दोऱ्या बाजूला करत होती. बोट वाळूवर टेकून उभी होती. तुला वर चढवलं, सुकाणूच्या बाजूला बसवलं. पास्कलने बोटीच्या बॅटरीचं बटण दाबलं, मी वायर खुपसली. क्षणभर काहीच नाही. मग फुस्स.

मी खालीच बसलो. फिलूबाय छातीवर क्रूस करत होती.

तुझा रंग हळूहळू परत आला. तू इकडेतिकडे बघितलंस. जाळी, दोऱ्या, डिझेलचा वास, समोर उतरत चाललेला सूर्य. बोट जरा समुद्राकडे कललेली होती. तू म्हणालीस, ‘निघालो की काय आपण?’ पास्कल हसला. ‘पाणी येऊ दे की बाय.’ मग ते दोघं चहा करायला गेले आणि आपण दोघंच राहिलो, कोरड्या वाळूवरच्या त्या बोटीत.

तू स्वतःच बोललीस. मी विचारलं नव्हतं.

‘तू विचारायचास ना, एकटीच का.’

‘राहू दे आता. दम लागेल.’

‘ऐक.’ एकेक वाक्य तू मशीनच्या फुस्सवर ठेवून बोलत होतीस. ‘घरात मला सगळ्यांचे आवाज ऐकू यायचे. तुझा, जुईचा, शाळेतले. कुणाला काय हवंय ते तुम्ही बोलायच्या आधी मला ऐकू यायचं. तिथे मला फक्त माझे पाय ऐकू यायचे. एवढंच. तुझा कंटाळा नव्हता आलेला.’

 मी तुझ्या पायावरची वाळू झाडत राहिलो.

मग तू म्हणालीस, ‘पण तिथून तुला सांगायला काहीतरी घेऊन यायचे मी. सांगायला कुणी नसतं तर गेलेच नसते.’

समुद्र परत यायला लागला होता. तू घोडबंदरला बघितला होतास तसाच असेल, आवाज न करता. पुढे ओली वाळू होती तिथे आता पाणी होतं. तू म्हणालीस, ‘आता एक तंबू दोघांचा शीव.’

‘वजन वाढेल.’

‘वाढू दे.’

टॅक्सी आली, आपण घरी आलो. दुसऱ्याच दिवशी मी कापड कापलं. या वेळी माप घ्यायला तुला आडवं करायची गरज नव्हती, मला ते पाठ होतं. माझं माप मात्र मला माहीत नव्हतं, ते एका कामगाराकडून घेतलं. अर्धी शिवण झाली होती तेव्हा तू गेलीस. घरात, सकाळी, माझ्या हातात हात असताना. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

तेरावा झाल्यावर मी गाळ्यावर गेलो आणि राहिलेली शिवण पुरी केली. जुई मदतीला बसली होती. ती कापड धरायची, मी मशीन चालवायचो. मधेच तिने विचारलं, ‘बाबा, आई तिथे खरंच झोपली का त्या दिवशी?’ मी म्हटलं, मला माहीत नाही गं, मी लांब होतो. ती कापडात तोंड घालून रडली, आणि मग तिनेच डोळे पुसून दोऱ्याचं रीळ बदललं. त्या पालीच्या हट्टावरून तुझ्यावर असलेला तिचा राग त्या दिवशी गेला असं मला वाटतं. नसेल गेला तर जाईल. ती तुझीच मुलगी आहे, वेळ घेईल.

परवा रविवारी मी पालीला गेलो. जुई येते म्हणाली. मी नको म्हटलं. का, ते मला सांगता आलं नाही, आणि तेव्हा मला ओट्यापाशी उभी असलेली तुझी पाठ समजली.

तंबू उभारायला मला बराच वेळ लागला. वाऱ्याने दोनदा पाडला. शेवटी उभा राहिला तेव्हा मी आत जाऊन एका बाजूला आडवा झालो. कापडातून येणारा उजेड दुधासारखा होता. बाहेर बाया बोंबील उलटत होत्या, त्यांचं बोलणं जवळ यायचं आणि लांब जायचं, आणि मग तेही थांबलं. मला माझं काळीज ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही. वैजू, हे होतं होय ते! किती गोड आहे गं. तुला किती कमी वेळ मिळाला.

फिलूबायने बाहेरून हाक मारली. ‘कोण हाय आत? एकलाच आलास?’

तोंडात तो शब्द आधी नीट बसेना.

‘हो,’ मी म्हणालो. ‘एकटाच.’